मापापासूनचे दिवस

दुकानात शिरणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर एक फळा टांगलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : ‘आमचे उद्दिष्ट – प्रत्येक जोड एकवीस दिवसांत. गेल्या वर्षीची प्रगती – एकशे चाळीसपैकी एकशे छत्तीस जोड वेळेत.’

हे विधान खरे होते, आणि त्याबद्दल त्याला क्षमा करणे कठीण आहे. खोटे विधान बिचारे एखाद्या उलटतपासणीत तोंडघशी पडते. या विधानाला तीन वह्यांचा भरभक्कम आधार होता. जोड मोजले होते, दिवस मोजले होते, बेरजा दोनदा तपासल्या होत्या. एकवीस दिवस नेमके कुठल्या दिवसापासून, एवढ्या एकाच मुद्द्यावर फळ्याने मौन पाळले होते.

दुकान बुटांचे होते. ज्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नाहीत, अशा माणसांच्या बुटांचे. कोणाचा पाय आखूड, कोणाचा घोटा वळलेला, कोणाची बोटे गेलेली. मालकीणबाई कागदावर पायाचे माप घेत. त्या मापावरून त्यांचे काका लाकडी फर्मा, म्हणजे त्या पायाची हुबेहूब प्रतिकृती, कोरत. मग दोघे कारागीर त्यावर चामडे चढवत. सोमवारी मोठ्या रुग्णालयातून तपासणीला एक बाई येणार होत्या. त्यांचे समाधान झाले तर रुग्णालयातले सगळे पाय या दुकानाकडे वळणार होते. नाही झाले, तर चार माणसांना पुरेल इतके काम पुढच्या वर्षी उरणार नव्हते. मालकीणबाईंची सारी भिस्त त्या फळ्यावर होती.

गुरुवारी सकाळी टपालवाला आपला जोड न्यायला आला. बूट घालून दारापर्यंत गेला, परत आला आणि फळ्यापुढे थबकला.

“ताई, या एकशे छत्तीसांसारखा मीही वेळेतलाच का हो?”

“मग! एकोणीस दिवसांत झालाय तुमचा जोड.”

“एकोणीस? अहो, माप दिलं तेव्हा माझ्या मुलीची परीक्षा व्हायची होती. निकाल लागून ती नव्या वर्गात बसलीसुद्धा.”

“फर्मा तयार झाल्यापासून मोजतो आम्ही,” मालकीणबाई म्हणाल्या. “तशी पद्धत आहे.”

टपालवाला पोट धरून हसला. “झकास! लोक मेले पत्र पेटीत टाकल्यापासून उशीर मोजतात. मी पिशवी खांद्याला लावल्यापासून मोजायला लागलो, तर जगात एक पत्र उशिरा पोचायचं नाही. बढतीच मिळेल मला.” मग हसू आवरून तो बुटाच्या टाचेकडे बघत म्हणाला, “दोन महिने जुन्या बुटात पुठ्ठ्याच्या घड्या घालून वाटा तुडवल्या, ताई. ते दिवस कुठल्या फळ्यावर लिहायचे? बाकी बूट मात्र एक नंबर.”

तो गेला आणि मालकीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. राग आला तो अर्थात काकांचा. अपराधाचा शोध घेणारा माणूस आधी शेजारच्या बाकाकडेच बघतो, ही मानवजातीची जुनी सोय आहे. काका सत्तरी ओलांडलेले. कोरता कोरता गुणगुणत, मध्येच लाकूड गालाला लावून त्याचा गुळगुळीतपणा जोखत.

“काका, एका फर्म्याला किती दिवस लागतात तुम्हाला?”

“एक. घोटा वाकडा असला तर दोन.”

“मग टपालवाल्याचे दोन महिने गेले कुठे?”

“मला काय विचारतेस? त्यांना विचार.” काकांनी रंध्याने भिंतीकडे खूण केली.

भिंतीवर गेल्या वर्षापासूनचे फर्मे दोरीला लटकत होते. प्रत्येकाच्या टाचेखाली काकांनी पेन्सिलीने तीन तारखा टाकल्या होत्या : माप घेतल्याची, कागद बाकावर आल्याची, फर्मा झाल्याची. ही मालकीणबाईंच्या वडिलांनी लावलेली शिस्त. वडील गेल्यावर वह्या आल्या, फळा आला. तारखा मात्र काका टाकतच राहिले, आणि त्या वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मालकीणबाईंनी ती घेतली. गुरुवार आणि शुक्रवार त्यांनी एकेक फर्मा उतरवला, उलटा केला आणि टाचेवरच्या तारखा कागदावर मांडल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत महिन्याच्या गठ्ठ्यातल्या वरच्या फर्म्यांना एक-दोन दिवस, तळाशी असलेल्यांना फार तर पंधरवडा. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत काहींना चार-पाच दिवस, बहुतेकांना पंचवीस, एकतीस, एकेचाळीस. वह्यांतली जोड झाल्याची तारीख घेऊन मापापासून मोजले, तर एकवीस दिवसांत पूर्ण झालेले जोड भरले त्रेचाळीस.

मापाचा कागद चाळीस दिवस कुठे मुक्काम ठोकून होता, हे शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. त्यांच्याच टेबलाचा खण उघडला. आत सव्वीस कागद होते.

महिन्याला बाराच जोड एकवीस दिवसांत हमखास होतात, असे त्यांनी कधीकाळी ताडले होते. तेव्हापासून त्या एक तारखेला फार तर बारा कागद काकांच्या बाकावर ठेवत. बाकीचे पाय खणात थांबत. अशा रीतीने उद्दिष्ट दर महिन्याला साध्य होई, आणि ज्यांच्यासाठी ते ठरवले ती माणसे लंगडत वाट बघत.

“पंधरवडा उलटला की मी नुसता रंधा पुसत बसतो,” काका म्हणाले. “मला वाटलं, म्हातारा झाला म्हणून पोरगी जपून काम देतेय. बरं, विचारायचं तरी कसं?”

शनिवारी सकाळी मालकीणबाई पाते घेऊन फळा खरवडायला लागल्या.

“अगं, दोन दिवस दम धर की! सोमवार उरकू दे, मग खरवड. एकशे छत्तीस काय खोटं आहे?”

“खोटं नाहीये, काका. म्हणूनच आज खरवडतेय.”

“नाक कापून घ्यायची हौसच आहे तुला. बापावर गेलीस.”

“गेले असते तर खण भरला नसता.”

मालकीणबाईंनी सव्वीसच्या सव्वीस कागद उचलून काकांच्या बाकावर ठेवले. काकांनी वरचा उचलला, डोळ्यांजवळ धरला. कुरकूर थांबली. “हा घोटा बघ कसा वळलाय... आण ते सागाचं.” दुपारपर्यंत ते पुन्हा गुणगुणत होते. संध्याकाळी फळ्यावर नवा मजकूर वाळत होता : ‘माप घेतले त्याच दिवशी कागद बाकावर. दिवस मापापासून. गेल्या वर्षी – एकशे चाळीसपैकी त्रेचाळीस.’

सोमवारी रुग्णालयाच्या बाई आल्या. त्यांनी फळा वाचला, पिशवीतले पत्र काढून वाचले, पुन्हा फळा वाचला.

“आम्हाला तर एकशे छत्तीस कळवलं होतं. हे गणित कोणाचं?”

“एक कारकून होता आमच्याकडे,” काका घाईघाईने म्हणाले. दुकानात कधीच कारकून नव्हता. “फार चलाख. सोडून गेला.”

“काका, गप बसा.”

“जाता जाता सगळ्या वह्या—”

“काका!”

बाईंनी एक छापील कागद पुढे केला. “विलंबाचं कारण आणि जबाबदार व्यक्ती. दोन्ही रकाने भरावे लागतील.”

मालकीणबाईंनी उभ्याउभ्याच लिहिले. बाईंनी ते दोनदा वाचले, भिंतीवरचा एक फर्मा उलटा करून त्याची टाच बघितली आणि पिशवीतून दहा मापे मोजून टेबलावर ठेवली. मालकीणबाईंनी ती तिथून उचलून काकांच्या बाकावर नेली.

“तूर्त दहा,” बाई म्हणाल्या. “तीन महिन्यांनी येईन. फळा नाही बघणार, टाचा बघेन.”

छापील कागद त्यांनी घडी घालून सोबत नेला. दोन्ही रकान्यांवर आडवा पसरलेला त्यातला मजकूर असा :

“फर्मा एका दिवसात होतो. कारागिरांकडून उशीर झालेला नाही. लोकांची मापे मी माझ्या खणात ठेवली, कारण ती बाकावर गेली असती तर माझा आकडा बिघडला असता. दिवस कुठून मोजायचे हे मीच ठरवले, आणि मला सोयीचे पडेल तिथून ठरवले.”