तळघरातल्या पेटीची वीजबचत

विद्यापीठाच्या सभागृहात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर आकडा झळकत होता: वीजवापर एकतीस टक्क्यांनी कमी. प्राध्यापक टाळ्या वाजवत होते, कुलगुरू डोळे पुसत होते.

वीज वाचवून देणाऱ्या कंपनीचा ब्रेंट सॅन्डवॉल बोलण्यात भलता पटाईत. "मित्रांनो, तळघरातली आमची पेटी स्वतः विचार करते. तिला थंडी कळते, माणूस कळतो. फक्त उघडून बघू नका, तिचं लक्ष विचलित होतं."

बॉयलरखोलीत मी बावीस वर्षं काढलीत. ती पेटी विचार करताना मला कधी दिसली नाही. पण आमचं ऐकतो कोण? त्याच सभेत सही होऊन कंपनीशी असलेला विद्यापीठाचा करार आणखी वीस वर्षांनी वाढणार होता, आणि पेटी असताना माणसं कशाला, म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या डोरीनची नोकरी त्या सहीसरशी जाणार होती.

"राज्य सरकार दरवर्षी तपासतं म्हणे," मी म्हटलं.

"तपासतं ना," डोरीन म्हणाली. "कंपनी अहवाल लिहिते, सरकार शिक्का मारतं. चोरानेच पंचनामा लिहायचा."

यंदा मात्र राजधानीतून लेखापरीक्षक इंगा टॉलेफसन स्वतः आल्या होत्या. त्यांनी ब्रेंटला विचारलं, "करारापूर्वीचा वीजवापर कुठल्या इमारतींचा धरलात?"

त्याने आकड्यांसकट यादी दिली. बाईंनी ती मोठ्याने वाचली. वाचनालय, वसतिगृहं, हॉकीचं बर्फमैदान...

"ते तर कोसळलं की," मागून डोरीन म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी पेटी बसली त्याच हिवाळ्यात हिमाच्या ओझ्याने मैदानाचं छत कोसळलं होतं. अख्खं गाव तिथे मेणबत्त्या लावून रडलं होतं. बर्फ गोठवणारी अवाढव्य यंत्रं तेव्हाच बंद पडली, हे रडताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मैदान वगळून बचत किती?" बाईंनी विचारलं.

ब्रेंट पाणी प्यायला. "पेटीला अजून थोडा वेळ द्यायला हवा."

"एक टक्का," बाईंनीच हिशेब केला. मग मी तळघरात जाऊन पेटी उघडली. आत व्हरांड्यातले दिवे विझवणारं एक घड्याळ होतं. घड्याळ चांगलं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही.

"तीन वर्षं शिक्का आमचाच होता," बाई म्हणाल्या. "आम्ही अहवाल वाचले, मीटर वाचलं नाही."

सही झाली नाही. डोरीन कामावर राहिली.

बाबांनो, चमत्कार सांगणाऱ्याला एवढंच विचारा: आधी काय होतं, आता काय आहे, आणि मोजलं कुणी? आम्ही चारशे शिकलेली माणसं होतो. हे न विचारता डोरीनच्या पोटावर पाय द्यायला टाळ्या वाजवत जमलो होतो.