शिरोरेषेच्या वरची ओळ

"ही बघा, ही रेघ! दिसती का नाय?" कारखान्याचे मालक असलेल्या तात्यासाहेबांनी एसटीसाठी बनवलेल्या दिव्यांच्या बोर्डावर बोट टेकवलं.

लाल टिपक्यांनी लिहिलेल्या 'पैठण'च्या शिरोरेषेवर आणखी एक फिकट रेघ उमटली होती. 'पै'च्या मात्रा तिच्यात बुडून गेल्या होत्या.

"पॅसेंजरनं लांबून काय वाचायचं? सोमवारी एसटीचे साहेब तपासायला येणार. वच्छलाबाई, तुमच्या सोल्डरच्या टाक्यांत राळ राहती. तिथून करंट पाझरतो."

"परत परत पुसलंय साहेब. स्पिरिटनं."

"मग नजर गेली तुमची. सोमवारपासून पॅकिंगला बसा."

चिकलठाण्याच्या त्या छोट्या कारखान्यात पॅकिंग म्हणजे रोजंदारी; काम असलं तर यायचं. वच्छलाबाईंनी सोल्डरिंगची तापलेली सळई स्टँडवर ठेवली आणि हात पदराला पुसले.

"बरं झालं बाई," शेजारची पारूबाई म्हणाली. "खोकी बांधताना बोटं तरी भाजणार नायत."

"तुझं तोंड मात्र रोज भाजतंय, तरी बंद होत नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

पलीकडच्या टेबलावर बिरू खाली मान घालून बसला होता. दौलताबादच्या बाजूच्या मेंढपाळाचा हा पोरगा भौतिकशास्त्रात बीएस्सी होऊन इथं उमेदवारीवर लागला, तेव्हा शहरात त्याला खोली मिळेना. वच्छलाबाई त्याला मुकुंदवाडीला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांचं स्वतःचं गावचं घर अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत जळालं होतं. तेव्हा त्या आणि त्यांचा भाऊ सखाराम अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आले. सखाराम त्या नावासाठी प्रत्येक मोर्चात चालला आणि दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. त्याचीच खाट वच्छलाबाईंनी बिरूला दिली. बिरूची आई बानाबाई एकदा भेटायला आली, त्या खाटेवर बसून चहा प्याली आणि जाताना म्हणाली, "माय, माझं लेकरू सावलीत ठिवलंस."

त्या सावलीची आज बिरूला फार आठवण येत होती.

बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटत नाहीत. एका वेळी एकच आडवी ओळ पेटते, मग खालची, मग तिच्या खालची. वेग इतका असतो की डोळ्याला सगळं एकदम दिसतं. या ओळी कधी पेटायच्या आणि कधी विझायच्या, ते बिरूनं ठरवलं होतं. रेघ टाक्यांमुळं असेल तर ती जागची हलणार नाही, त्याच्या मनात आलं. मग ओळी उलट्या पेटवून पाहिलं तर? वरून खाली न जाता खालून वर?

त्यानं तसं करून पाहिलं. फिकट रेघ शिरोरेषेच्या वरून नाहीशी झाली आणि खाली येऊन बसली.

आजवरचे बोर्ड इंग्रजीत होते. इंग्रजी अक्षरांत अख्खी ओळ कधीच भरत नाही, म्हणून आजवर कुणाला काही दिसलं नव्हतं. मराठीत शिरोरेषेची ओळ भरगच्च पेटते. आधीची ओळ पुरती विझायच्या आत शिरोरेषेचा करंट येतो आणि ती शेजारीण उगाच उजळते. टाके चोख होते. चूक वेळेची होती, आणि वेळ त्याची होती. त्याला कायम करायचं की नाही, हे सोमवारच्या तपासणीवर ठरणार होतं.

तो उठला. "साहेब, टाक्यांत काय नाय. घोळ माझा हाय."

तात्यासाहेबांनी चष्मा वर केला. "कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हय साहेब. पण रेघ माझी हाय."

"येडा हाय का रं तू?" वच्छलाबाई पुटपुटल्या. "मी बांधली असती खोकी."

"टाके घाला मावशी. खोकी पारूमावशी बांधतील."

"मी कशापायी?" पारूबाई कडाडली.

बिरूनं बोर्डाच्या चिपमधली जुनी वेळ पुसली आणि नवी भरली: एक ओळ विझली की सगळे दिवे निमिषभर बंद, आणि मगच पुढची ओळ. तोवर दुपार कलली होती. संक्रांतीचा दिवस, पारूबाईनं तिळगुळाचा डबा सगळ्यांपुढं फिरवला. कोपऱ्यातल्या रेडिओवर विद्यापीठाच्या नव्या नावाची बातमी लागली. तात्यासाहेबांनी घाईनं शटर ओढून घेतलं. "गावात बंदोबस्त लागलाय. तपासा आणि लवकर घरी जा. बिरू, लांबलचक नाव घाल. शेंद्रा-पैठणनं काय कळणार? रेघ लांब पाहिजे."

"लांब नाव पाहिजे ना साहेब?" वच्छलाबाई म्हणाल्या. "रेडिओवर आत्ताच सांगितलं की."

तात्यासाहेबांनी शटर पार खालपर्यंत आलंय का ते पाहिलं.

"घाल," ते म्हणाले. "आणि वच्छलाबाई, सोमवारी तुमच्या जागेवर बसा. तुझं सोमवारनंतर बघू, बिरू."

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. अक्षरं उजवीकडून एकेक सरकत आली. शिरोरेषेच्या वर मात्रा सुट्या, स्वच्छ पेटल्या होत्या. बाकी सगळा काळोख होता.

वच्छलाबाई मागं मागं सरकत पार शटरला जाऊन टेकल्या.

"सखारामला लांबचं दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "एवढं दिसलं असतं."

नाव डावीकडं संपत आलं होतं. बिरूनं ते पुन्हा पहिल्यापासून सोडलं.