वाढदिवसाचा ताप

"फेन्ना?" हजेरी घेताना हान्नेकेबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. उत्तर आलं नाही. फळ्यावर रंगीत माळा लागल्या होत्या, टेबलावर आठचा आकडा चिकटवलेला पुठ्ठ्याचा मुकुट तयार होता, आणि जिचा वाढदिवस तीच गैरहजर! आईने फोन करून कळवलं होतं, ताप आहे म्हणून.

मधल्या सुटीत बाईंनी जुन्या हजेऱ्या काढल्या आणि त्यांचा पारा चढला. कॉफीचा कप हातात घेऊन त्या शाळेचे शिपाई वोबकाका यांच्याकडे गेल्या. रॉटरडॅमच्या दक्षिण भागातल्या त्या शाळेत काकांची तीस वर्षं गेली होती.

"बघा ना काका, तीन वर्षं झाली, बरोब्बर वाढदिवसालाच ही आजारी! आईबापांना शाळेचं काही पडलेलंच नाही. जात असतील कुठेतरी फिरायला."

"फिरायला?" काका सायकलच्या चाकात हवा भरत होते, ते थांबले. "उद्या बघा, ठणठणीत होऊन येईल. हा ताप खाऊचा आहे, बाई."

"म्हणजे?"

"वाढदिवसाला पोराने अख्ख्या वर्गाला खाऊ वाटायचा, वर शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना. आणि तो कसला? तुमच्या भिंतीवरच लागलाय की!"

बाईंनी खिडकीतून आपल्या वर्गाच्या भिंतीकडे पाहिलं. काकडीच्या होड्या, स्ट्रॉबेरीचे किडे, केळ्याचे डॉल्फिन. 'सर्वांत सुंदर खाऊ' या पाटीखाली फोटोंच्या रांगा! ही टूम त्यांनीच काढली होती, मोठ्या हौसेने.

"अहो, पण फेन्नाचे आईवडील दोघंही कमावतात!"

"कमावतात की. तिची आई योरिन पहाटे ऑफिसं पुसते, संध्याकाळी वृद्धाश्रमात राबते. नवरा पार्सलं वाटतो. पगार सरकारी मदतीच्या मर्यादेच्या केसभर वर, म्हणून मदत बंद. भाडं आणि हीटरचं बिल गेलं की महिना नुसता रेटायचा. तुम्ही काय, फाटक्या कपड्यातलं पोर शोधत होता?"

"मग मला सांगायचं तरी! मी आणला असता खाऊ."

"मी सांगितलं होतं का कुणाला?" काकांचा आवाज खाली आला. "लहानपणी मलाही दर मार्चमध्ये, वाढदिवसाला, ताप यायचा. आई पांघरूण घालून निजवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसायची. दुपारपर्यंत मला खरंच कपाळ गरम लागायचं, बाई."

हान्नेकेबाईंना शरमेने मान वर करवेना. अरेरे! ज्या भिंतीचं आपण कौतुक करत होतो, तिनेच एका पोरीला घरी कोंडून ठेवलं होतं!

"आज संध्याकाळी केक घेऊन जाऊ का त्यांच्याकडे?"

"मुळीच नको! तुम्ही दया घेऊन दारात उभ्या राहिलात तर योरिन शाळाच बदलेल. रीत बदला. आणि सगळ्यांसाठी बदला."

दुसऱ्या दिवशी फेन्ना आली. तापाचा मागमूस नव्हता. आत शिरताच तिने सवयीने भिंतीकडे पाहिलं. भिंत मोकळी होती.

"आजपासून आपल्या वर्गात वाढदिवसाला कुणीही काही आणायचं नाही," बाई म्हणाल्या. "ज्याचा वाढदिवस, त्याला वर्गच देईल. त्याच्या आवडीचं गाणं, त्याच्या आवडीचा खेळ."

"पण माझा पुढच्या सोमवारी आहे!" ट्यून कळवळला. "आई कलिंगडाचं जहाज करणार होती!"

"आईला सांग, सुटी मिळाली."

फेन्नाने हळूच हात वर केला. "आणि जो आजारी होता, त्याचं?"

"त्याचा मुकुट कालपासून वाट बघतोय," बाई म्हणाल्या. त्यांनी तो फेन्नाच्या डोक्यावर ठेवला. सगळा वर्ग बाकांवर चढून गायला, आणि फेन्नाने जोडीला तीनदा दोरीउड्यांचा खेळ मागून घेतला.

शाळा सुटल्यावर फाटकाशी योरिन उभी होती. बाईंना येताना पाहून ती घाईने म्हणाली, "कालच्या तापाचं म्हणाल तर, बाई, रात्रीच उतरला तो..."

"अभिनंदन, योरिन!" बाईंनी तिचा हात हातात घेतला. "लेक आठ वर्षांची झाली तुमची."

लेकराच्या वाढदिवसाला आईचंही अभिनंदन करायचं, ही आपल्या या देशातली साधी रीत. पण योरिनने तो हात कितीतरी वेळ सोडला नाही. मुकुट घालून धावत येणाऱ्या फेन्नाला पाहून तिचे डोळे भरले. "तीन वर्षांत शाळेतून मला हे कुणी म्हटलंच नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणणार कसं?" बाई म्हणाल्या. "आम्हीच तिला घरी बसवलं होतं."

बंधुभगिनींनो, आपला देश श्रीमंत आहे खरा. पण याच देशात दोन माणसं दिवसभर राबूनही लेकराचा वाढदिवस तापावर ढकलतात, आणि आपण हजेरीत नुसती फुली मारून मोकळे होतो! राबणाऱ्याला पोटापुरतं मिळावं यासाठी सरकारशी भांडायला हवं, आणि ते भांडण सोडायचं नाही. मात्र आपल्या हौसेच्या रीती बदलायला सरकारची परवानगी लागत नाही. आपल्या आनंदाच्या दिवशी कोण आजारी पडतं, एवढं तरी आपण बघायला शिकू या.