साखरेच्या भांड्याखालची खूण

कांचननं नागपुरात आठ वर्षं इतिहास शिकवला होता. १९७२ साली अमेरिकेत ट्रॉयला आल्यावर नवऱ्याची मोटार कंपनीतली नोकरी आणि मुलांचे डबे यांत तो इतिहास धूळ खात पडला. १९८५ साली म्युझियमला गाइड हवे आहेत असं कळलं आणि बाईंच्या अंगात पुन्हा शिक्षिका संचारली. आज परीक्षा होती. वीस मिनिटं बोलायचं, समोर दहा प्रेक्षक आणि मागे वही घेऊन म्युझियमच्या परीक्षक मिसेस हॉलंड. जमलं तर गाइड, नाहीतर पुन्हा डबे!

"म्युझियमनं दिलेल्या माहितीच्या कार्डवर लिहिलंय तेवढंच बोल," नवऱ्यानं, नरेंद्रनं, सकाळी बजावलं होतं. "एक्स्ट्रा काही ॲड करू नकोस यार."

टेबलावर जर्मनीत घडलेलं, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं पोर्सिलिनचं साखरेचं भांडं होतं. झाकणावर ‘हिंदुस्थानी’ मुलगी: गाल गुलाबी, डोक्यावर पिसं. असली मुलगी हिंदुस्थानात कुणी पाहिली होती कोण जाणे! कांचनला हसू आवरेना, आणि त्या नादात घोळ झाला. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणानंतर आपापली भांडी शोधताना बायका करतात तेच तिच्या हातांनी केलं. झाकण बाजूला ठेवलं आणि नाव बघायला भांडं उचलून उलटं केलं.

मिसेस हॉलंड किंचाळायच्याच बाकी होत्या. संपलं सगळं.

"काय शोधताय?" समोरच्या वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांनी विचारलं.

भांडं अलगद खाली ठेवून तिनं खरं ते सांगून टाकलं. "आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात. कुणाचं, कुणी दिलं. इथे फक्त कारखान्याची खूण आहे. यातली साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवली. ती जहाजं भरभरून युरोपात आली, म्हणून अशी भांडी घडली. त्या माणसांपैकी एकाचंही नाव इथे नाही."

कार्डवर यातलं अक्षरही नव्हतं.

"माझी आजी लुइझियानात ऊस तोडायची," ते गृहस्थ म्हणाले.

"नाव काय त्यांचं?"

"ओडेसा." हे त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसावं.

लोक पांगल्यावर मिसेस हॉलंड जवळ आल्या. "पुन्हा वस्तूला हात लावलात तर मी स्वतः तुम्हाला बाहेर काढीन."

कांचननं मान खाली घातली.

"शनिवारी अकराला तुमची पहिली टूर. आणि हे कार्ड नव्यानं लिहून आणा, तुमच्या शब्दांत."

कांचनला तिथेच रडू फुटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडून इतिहास लिहून मागितला होता.