फरशी पुलाच्या अलीकडं

करिश्मा एसटीची ड्रायव्हर झाली, तरी तिचे वडील गोरोबा तिच्या गाडीत कधी बसले नव्हते. सारा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. त्या दिवशी येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला निघाले, तेव्हा पहिल्यांदाच लेकीच्या मागच्या सीटवर ऐटीत बसले.

वाटेत ओढ्याला पूर आलेला. फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं, कडेचे दगड दिसत नव्हते. करिश्मानं गाडी अलीकडंच थांबवून इंजिन बंद केलं.

"ताई, गुडघाभर तर पाणी हाय," रामहरी नावाचे एक व्यापारी पुढं आले. "माझा सौदा मोडंल."

"कडा दिसल्याबिगर गाडी घालायची न्हाय, काका."

तेवढ्यात मागून एक जीप आली आणि पाणी उडवत सरळ पलीकडं गेली. गाडीत गिल्ला झाला. "बाईमाणूस, भ्यालं!" कुणीतरी म्हणालं. दुसरी जीप आली, तेव्हा रामहरींसह चौघं-पाचजण तीत चढले. तीही सुखरूप गेली.

गोरोबांची मान खाली गेली. "बाळे, दोन गेल्या की," ते हळूच म्हणाले.

"गेल्या, लई बरं झालं. पण आप्पा, थांबल्यावर लोकं शिव्या देतील, तेवढंच. गाडी घसरली तर काय काय जाईल? त्या गेल्या म्हणून आपली जाईलच, असं कोण सांगावं?"

गोरोबांनी मागं पाहिलं. एका बाईच्या मांडीवर तान्हं लेकरू झोपलं होतं. ते उठून उभे राहिले.

"मेंढरं पाण्यात घालताना म्या कधी कुणाचं ऐकलं न्हाय. ही बी ऐकणार न्हाय. गप बसा समदे."

दुपार कलली, पाणी उतरलं. करिश्मा पुलावर चालत जाऊन कडा बघून आली, मग तिनं गाडी हळूहळू पलीकडं काढली. पूल कुठंच खचला नव्हता.

"उगंच थांबलाव," मागून कुणीतरी पुटपुटलं.

येरमाळ्याच्या स्टँडवर रामहरी चहा पीत उभे होते. "काय म्हातारबा, आमी कवाच पोचलाव! काय झालं आमाला?"

"काय न्हाय झालं, देवीची किरपा," गोरोबा म्हणाले. "पण माझी नातवंडं कुणाच्या गाडीत बसवायची, ते मला आज कळलं."

आणि मुंडासं सावरत, सगळ्यांच्या देखत, ते लेकीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.