मागच्या दाराचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, पण मला पाहून कुणी ट्रक म्हणत नाही. बोस्नियातल्या आमच्या नदीकाठच्या गावात पोरं मला ‘कासव’ म्हणतात. माझ्या अंगावर चहूबाजूंनी पोलादी पत्रे आहेत, काचांच्या जागी वीतभर फटी आहेत, आणि एवढा जामानिमा करून मी काय करत होतो, तर घरोघर पाव पोचवत होतो.

आधी मी वीटभट्टीवर होतो. मग लढाई आली आणि गावाला वेढा पडला. पिठाची गिरणी गावाबाहेर होती. तिथे जाणारा नदीकाठचा रस्ता उघडा होता आणि टेकडीवरून त्यावर नेम धरलेले असायचे. तेव्हा रेल्वेच्या कारखान्यातल्या साब्रिया वेल्डरने जुने बॉयलर कापून मला मढवायला घेतलं. लोक येऊन माझ्या अंगावर थापा मारत.

“मिस्त्री, हे धूड चालेल तरी का?” माझा ड्रायव्हर नुसरेत विचारायचा.

“चालेल. तुझ्या सासूपेक्षा हळू, पण चालेल.”

एकोणीस दिवस हे काम चाललं. विसाव्या दिवशी पहाटे मला निघायचं होतं आणि मागच्या दाराची उजवी बाजू उघडीच होती. साब्रियाने घाईघाईने तिथे एक पत्रा लावला आणि वर हिरवा रंग फासला. तो पत्रा शेगडीचा होता, नखाएवढ्या जाडीचा. मला ते लगेच कळलं. इतरांना कसं कळणार? रंग तर सगळीकडे एकच होता.

माझ्यात पोती चढवायला रासिम नावाचा माणूस होता. पोती घसरू नयेत म्हणून तो मागच्या दाराला पाठ टेकून बसायचा आणि पुढच्या दोन दातांच्या फटीतून शीळ घालायचा. तीन सूर खालचे, मग एक लांब सूर वर चढणारा, मग हळूहळू उतरणारे. फेब्रुवारीत एका दुपारी, नदीकाठी, शीळ वर चढली आणि तिथेच थांबली. उतरलीच नाही. गावात पोचल्यावर नुसरेतने दार उघडलं तेव्हा पीठ लाल झालं होतं आणि त्या पातळ पत्र्यात गोळीचं एक भोक होतं.

लढाई संपली. पत्रे काढायला कुणाकडे सवड नव्हती, म्हणून बेकरीने मला आहे तसंच घेतलं. सकाळी गोल, चपट्या, गरम सोमून पावांचा वास माझ्या फटींतून बाहेर यायचा आणि पोरं मागे धावायची. ते दिवस चांगले होते, मित्रांनो.

मग पुष्कळ वर्षांनी एका ऑक्टोबरात शीळ सुरू झाली.

नदीकाठच्या रस्त्यावर मी जरा वेग घेतला, की मागच्या दारातल्या भोकातून ती यायची. तीन सूर खालचे, एक वर चढणारा, आणि बस. नुसरेतच्या मानेवरचे केस उभे राहिले. “वारा आहे, वारा,” असं तो मोठ्याने स्वतःलाच म्हणाला आणि त्याने भोकात चिंधी कोंबली. दुसऱ्या दिवशी ती चिंधी आत फळीवर सापडली. नीट चौकोनी घडी घातलेली.

पुढे मी उभा असतानाही शीळ येऊ लागली. इंजिन बंद, झाडाचं पान हलत नसे. माझ्या पोटात पावांचे क्रेट सोडून काही नसे, आणि तरी मागच्या स्प्रिंगा एका माणसाच्या वजनाने दबलेल्या असत. लोक पाव घ्यायला यायचे, पण दारापासून चार पावलं लांब उभे राहायचे.

रासिमची बायको रेफिया दुसऱ्या गल्लीतून पाव घ्यायची. माझ्याकडे ती कधी येत नसे. एका सकाळी मात्र ती आली आणि शीळ ऐकून जागीच खिळली.

“आत कोण आहे?”

“कुणी नाही वहिनी. पाव आहेत.”

“नुसरेत, दार उघड.”

ती आत चढली आणि रिकाम्या जागेशेजारी बसली. त्यानंतर ती रोज यायची. मी पीठ आणायला निघालो की वेशीपासून गिरणीपर्यंत माझ्यातून जायची. गावात कुजबुज वाढली, पावाचा खप उतरला, आणि बेकरीच्या मालकाने साब्रियाला भोक बुजवायला बोलावलं.

साब्रिया आता म्हातारा झाला होता. त्याने सामान खाली ठेवलं. रेफिया दाराशीच उभी होती.

“वहिनी, जरा बाजूला व्हा. पाच मिनिटांचं काम आहे.”

“मिस्त्री, एक सांगा. मी इतके दिवस यातून फिरते आहे. सगळ्या पत्र्यांना नुसते पोचे आहेत. मी मोजले, एकसष्ट. भोक मात्र एकच. असं कसं?”

नुसरेत साब्रियाकडे बघत होता.

“पत्रा संपला होता ना?” नुसरेतने विचारलं. त्याला तसंच असावं असं फार वाटत होतं.

“नाही,” साब्रिया म्हणाला. “एक होता. रात्री घरी नेला. तळघराच्या खिडकीला लावला. खिडकीखाली माझी अल्मासा झोपायची. आठ वर्षांची होती.” मग तो खालीच बसला. “म्हटलं, मागून कोण मारतंय?”

रेफियाने विचारलं, “पोरगी जगली?”

“जगली. तिला दोन मुलं आहेत.”

“तिला हे ठाऊक आहे?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग सांगा तिला. तुमच्या तोंडाने. आणि तो पत्रा घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी पत्रा आला. एक टोक साब्रियाने धरलं होतं, दुसरं एका तरुण बाईने. तिचे डोळे सुजले होते. पत्र्याला तीन खोल खळगे होते. रेफियाने त्यांवरून बोट फिरवलं आणि अल्मासाकडे पाहिलं. “धर नीट,” ती एवढंच म्हणाली, आणि साब्रिया वेल्डिंग करत होता तोवर त्या दोघींनी मिळून पत्रा धरून ठेवला.

शेवटची ठिणगी विझली. शीळ आली नाही. माझ्या दाराची कडी मात्र आतून सरकली, दार उघडलं, आणि माझ्या मागच्या स्प्रिंगा हळूच वर आल्या. आत कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तरी नुसरेत धरून ती चौघं, एकमेकांकडे न बघता, दोन पावलं मागे सरली. उतरणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी.

आता मी बेकरीच्या मागच्या अंगणात गंजत उभा आहे. माझ्या टपावर खुशाल चढा, उड्या मारा, मला चालेल. फक्त मोठे व्हाल आणि कुणासाठी काही बनवाल, तेव्हा ज्या बाजूला कुणाचं लक्ष जात नाही, ती बाजूही मनापासून बनवा. मित्रांनो, तिथेच कुणीतरी निर्धास्तपणे पाठ टेकून बसणार असतं.