दोन पाळ्यांची कॉट

मी एक जुनी लोखंडी कॉट आहे, मित्रांनो. माझा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. तेवढे सोडले तर तब्येत ठणठणीत!

माझा जन्म एका वेल्डरच्या हातून झाला. माझा निळा रंग पाहून तो म्हणाला होता, "पोरगी देखणी निघाली!" पुढे मी वसतिगृहात राबले, मग भंगारात गंजत पडले. तेथून एका बहीणभावाने मला आपल्या एकुलत्या एका खोलीत आणले.

ताई दिवसा बेकरीत कामाला आणि धाकटा रात्रपाळीचा पहारेकरी. ती उठून गेली की हा येऊन पडे. माझी गादी कधी गार झालीच नाही. एका घरात राहून दोघे बोलत ते उशीखालच्या चिठ्ठ्यांतून. "जेवण झाकून ठेवलंय." "वायरिंगच्या वर्गाला नाव घाल ना!" धाकट्याला वायरिंग शिकायची फार हौस होती, पण वर्ग सकाळचा, आणि सकाळी तो माझ्यावर घोरत असे.

मग एका योजनेत त्याची निवड झाली. कमी मिळकतीच्या तरुणांना दोन वर्षे दरमहा ठरावीक पैसे, अट कसलीही नाही. त्याने वर्गाला नाव घातले आणि पहाऱ्याची नोकरी सोडली.

"आयतं मिळालं की पोरं लोळत पडतात," घरमालकीणकाकू ताईला म्हणाल्या. "बघशील तू!"

लोळण्यातले माझ्याइतके कोणाला कळते? पण धाकटा खरेच दोन दिवस, दोन रात्री झोपून राहिला; ताई त्याला न उठवता खाली जमिनीवर झोपली. काकू डोकावून मान हलवून गेल्या. तिसऱ्या दिवशी वर्ग सुरू होणार होता. मला तर धडकीच भरली.

तिसऱ्या दिवशी तो ताईच्याही आधी उठला, पांघरुणाची घडी घातली आणि शीळ घालत वर्गाला गेला!

त्या रात्री दोघेही जागे, आणि नवीच पंचाईत झाली. माणसे दोन, कॉट एक.

"ताई, तू दिवसभर उभी असतेस. तू झोप वर."

"गप रे, तुझा अभ्यास आहे."

हट्टाने दोघेही जमिनीवर पसरले आणि कितीतरी वेळ हसत, बोलत राहिले. माझी गादी पहिल्यांदाच गार झाली. मला इतके बरे कधीच वाटले नव्हते.

परवा त्याने काकूंच्या जिन्यातला बंद पडलेला दिवा दुरुस्त करून दिला. काकू म्हणाल्या, "दमलास रे. जा, जरा पड."

मित्रांनो, आमच्यासारख्यांचे स्क्रू अधूनमधून आवळत जा. आणि कोणी दिवसाढवळ्या झोपलेला दिसला, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. आधी त्याची झोप पुरी होऊ द्या.